आगीच्या वेळी फायरमन लिफ्ट कशी वापरायची: वर्दी (आगीची खबर) मिळाल्यापासून लिफ्ट परत ताब्यात देईपर्यंत

‘आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये’ ही पाटी आपण रोज वाचतो, आणि ती अगदी खरी आहे. तरी बंब आला की जवान त्याच लिफ्टकडे वळतात. लोक विचारतात, ‘आम्हाला जिन्याने जायला सांगता आणि तुम्ही मात्र लिफ्टने कसे जाता?’ प्रश्न रास्त आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं बंबावर गेली, त्यामुळे याचं उत्तर नीट, पायरीपायरीने द्यावं असं फार दिवस मनात होतं. नव्याने भरती झालेल्या जवानांना तर ते उपयोगी पडेलच, पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि वॉचमननीही वाचावं. फायरमन लिफ्ट, म्हणजे आगीच्या वेळी जवानांना स्वतःच्या ताब्यात घेता येणारी लिफ्ट, ऐनवेळी चालणार की नाही हे बरंचसं त्यांच्या हातात असतं.

आधी लिफ्ट हवी कशाला, ते पाहू. आग २० व्या मजल्यावर आहे. मजल्याला १८ ते २० पायऱ्या धरल्या तर चारशेच्या आसपास पायऱ्या होतात. अंगावर फायर सूट, हेल्मेट, गमबूट, पाठीवर बी.ए. सेट (श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क), खांद्यावर होज (पाण्याचा पाइप). ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारपर्यंत भरला की त्यात साधारण १८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरली तर ती ४५ मिनिटं पुरावी. पण चारशे पायऱ्या चढून धापा टाकणारा माणूस याहून कितीतरी जास्त हवा ओढतो. वर पोहोचून मास्क लावला की अर्ध्या तासातच काटा खाली येतो, आणि परतीची हवा त्यातच राखायची असते. याउलट नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे फायरमन लिफ्ट तळमजल्यावरून सर्वांत वरच्या मजल्यावर एका मिनिटात पोहोचली पाहिजे. घरात अडकलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

लिफ्ट घात कशी करते

लिफ्टचा शाफ्ट म्हणजे इमारतीच्या पोटातून गेलेलं उभं धुराडं. खालच्या मजल्यावरचा धूर त्यात शिरला की सरळ वर चढतो. दुसरा शत्रू पाणी. आपणच मारलेलं पाणी उंबऱ्यावरून शाफ्टमध्ये उतरतं, दरवाज्यांच्या इंटरलॉकमध्ये (दार नीट मिटल्याशिवाय लिफ्ट चालू न देणाऱ्या कुलपांत) आणि वायरिंगमध्ये जातं, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबते. तिसरी गोष्ट दाराचा सेन्सर. दारात माणूस उभा आहे की धूर, हे त्याला कळत नाही. धुराने किरण अडला की दार उघडंच राहतं, आणि ते नेमकं आगीच्या मजल्यावर.

यातली कुठलीच गोष्ट कल्पनेतली नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली वन न्यूयॉर्क प्लाझा या इमारतीत आग लागली तेव्हा एक लिफ्ट आगीच्या मजल्यावर जाऊन थांबली आणि तिथे दोघांचा जीव गेला. लॉस एंजेलिसच्या फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत १९८८ मध्ये देखभाल विभागाचा एक कर्मचारी अलार्म का वाजतोय ते बघायला लिफ्टने थेट १२ व्या मजल्यावर गेला. दार उघडलं ते आगीतच. अमेरिकेतल्याच मेम्फिसला १९९४ मध्ये बहुमजली इमारतीच्या आगीत दोन फायरमन गेले. तिथेही जवान लिफ्टने थेट आगीच्याच मजल्यावर पोहोचले होते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागली तेव्हा जवानांना लिफ्ट ताब्यातच घेता आली नाही. लिफ्ट ताब्यात घेण्याचा स्विच चालला नाही, आणि काही रहिवासी त्या लिफ्ट वापरत राहिले. त्यातल्या काहींच्या जिवावर बेतलं.

पहिल्या तीन घटनांत लिफ्टचं दार आगीसमोर उघडलं. चौथीत लिफ्ट कोणाच्याच ताब्यात नव्हती. पुढची प्रत्येक पायरी या दोन गोष्टी टाळण्यासाठी आहे.

साधी लिफ्ट आणि फायरमन लिफ्ट

इमारतीतली प्रत्येक लिफ्ट फायरमन लिफ्ट नसते. कोडप्रमाणे तिची क्षमता किमान ५४५ किलो, म्हणजे ८ माणसांची, आतली जागा किमान १.४ चौरस मीटर आणि दार आपोआप बंद होणारं असावं लागतं. तिला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो, आणि मुख्य वीज गेली की ती आपोआप पर्यायी पुरवठ्यावर जायला हवी. प्रत्येक मजल्यावर तिच्या दारावर ‘फायर लिफ्ट’ असं चमकत्या रंगात लिहिलेलं असावं. तळमजल्यावर काचेच्या पेटीत फायरमन स्विच, म्हणजे लिफ्ट जवानांच्या ताब्यात देणारा स्विच, असतो. लोखंडी जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, मालवाहू लिफ्ट किंवा हा स्विच नसलेली कोणतीही लिफ्ट आगीत वापरायची नाही. वेळ कितीही कमी असला तरी नाही.

खाली उतरल्या उतरल्या

वर्दीवर निघतानाच तीन गोष्टी विचारून घ्या. आग कितव्या मजल्यावर आहे, इमारत किती मजली आहे, आणि बेसमेंट आहे का. आग सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत असेल तर लिफ्टचा विचारच करू नका, जिन्याने जा. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातही सातव्या मजल्यापर्यंतच्या आगीला लिफ्ट वापरत नाहीत. तेवढं अंतर जवान चांगल्या दमात चढतो, मग धोका कशाला पत्करायचा? आग बेसमेंटमध्ये किंवा पार्किंगमध्ये असेल तर लिफ्टकडे पाठच फिरवा. धूर खालून शाफ्टमध्ये भरत असतो आणि वरच्या सगळ्या मजल्यांवर तीच लिफ्ट तो पोहोचवत असते.

आता मजल्याच्या आकड्याकडे या, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. बाहेर उभं राहून मोजलं तर ज्वाळा १९ व्या मजल्यावर दिसतात. पण खाली स्टिल्ट (खांबांवरची मोकळी जागा), वर पोडियमची चार पार्किंगं, मग ‘पहिला मजला’. कुठे १३ वा मजला गाळलेला असतो. बाहेरून १९ वा दिसणारा मजला लिफ्टच्या बटणांवर १४ वा असू शकतो. तुम्ही ‘दोन मजले खाली’ म्हणून १७ चं बटण दाबलं तर लिफ्ट आगीच्या मजल्यावरून वर निघून जाईल. म्हणून वॉचमनला फ्लॅट नंबर विचारा, लिफ्टमधल्या बटणांशी ताडून बघा, आणि वॉकीटॉकीवर बोलताना सगळ्यांनी एकच आकडा, लिफ्टमधला, वापरायचा हे तिथेच ठरवा.

लिफ्ट ताब्यात घेणे

काच फोडा, स्विच टाका आणि थांबा. लिफ्ट वरचे सगळे कॉल सोडून देऊन सरळ तळमजल्यावर येते, दार उघडून उभी राहते आणि बाहेरच्या बटणांना दाद देत नाही. आपोआप चालणारी व्यवस्था असेल तर अलार्म वाजताच सगळ्याच लिफ्ट अशा खाली येतात. नव्या जवानांकडून इथे एक गोष्ट राहून जाते: खाली आलेली प्रत्येक लिफ्ट आत डोकावून बघायची. आणि एखादी लिफ्ट खाली आलीच नाही तर तिच्यात माणूस अडकलाय असं धरून लगेच एकाला त्या कामावर लावायचं.

स्विच टाकूनही लिफ्ट हलली नाही, तर दोनदा प्रयत्न करून सोडून द्या. मी हे अनुभवलंय. उपनगरातल्या एका इमारतीत रात्री वर्दी होती. स्विचची पेटी नोटीस बोर्डाच्या मागे गेली होती. वॉचमनने बोर्ड ओढून काढला, काच फोडली, स्विच टाकला, तरी लिफ्टचे आकडे आपले वरखाली पळतच होते. नंतर कळलं की काही महिन्यांपूर्वी कंट्रोल पॅनल बदललं तेव्हा त्या स्विचची वायर जोडायची राहून गेली होती. आम्ही १७ मजले चढलो. अकराव्यावर माझा एक सहकारी भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हेल्मेट काढून त्याला वारा घालणाऱ्या बाई त्याच मजल्यावरच्या होत्या, आणि त्या स्वतःच घाबरून थरथरत होत्या. त्या रात्री जीवितहानी झाली नाही. पण एक न जोडलेली वायर काय करू शकते ते मी तेव्हा पाहिलं.

पाय ठेवण्याआधी

लिफ्ट खाली आली म्हणजे ती सुरक्षित आहे असं नाही. लिफ्टचा डबा आणि मजल्याचा उंबरा यांच्यामध्ये बोटभर फट असते. तिथे टॉर्च धरून वर बघा. प्रकाशात धूर तरंगताना दिसतोय का? पाणी ठिबकतंय का? जळका वास येतोय का? यातलं एक जरी असेल तरी ती लिफ्ट बाद. शाफ्ट कोरडा आणि स्वच्छ दिसला तर आत जा, स्विच किंवा चावी आतूनही ‘फायर’ वर करायची सोय असेल तर ती करा, आणि मोकळ्या लिफ्टने एक-दोन मजले वर जाऊन दार उघडून-बंद करून बघा.

या मोडमध्ये दार वेगळं वागतं आणि हाताला त्याची सवय हवी. मजल्यावर पोहोचल्यावर दार आपोआप उघडत नाही. ‘उघडा’चं बटण दाबून धरावं लागतं, आणि दार पूर्ण उघडण्याआधी बोट काढलं तर ते पुन्हा मिटतं. बंद करतानाही बटण दाबून धरायचं. धुराने फसणारा सेन्सर इथे कामाला नसतो. पण सगळ्याच इमारतींतल्या लिफ्ट अशा वागत नाहीत. काही जुन्या लिफ्टमध्ये फायरमन स्विच फक्त लिफ्ट खाली आणतो, पुढे दार नेहमीसारखंच आपोआप उघडतं. म्हणूनच ही चाचणी खालीच करायची. दार तुमच्या बोटाच्या ताब्यात नसेल तर त्या लिफ्टने वर जाऊ नका.

कोण बसणार, काय नेणार

८ माणसांची लिफ्ट म्हणजे ८ जवानांची लिफ्ट नव्हे. ८ माणसांचे ५४५ किलो म्हणजे माणशी ६८ किलो. जवानाच्या अंगावरचं आणि हातातलं सामान धरलं तर तो सहज शंभरीला टेकतो. पाच जणांच्या पुढे जाऊ नका. वजन जास्त झालं तर लिफ्ट हलणार नाही आणि वेळ तेवढा फुकट जाईल.

बरोबर होज, ब्रांच (होजच्या टोकाची पाणी मारायची नळी), कुऱ्हाड, पहार, दोर, टॉर्च आणि वॉकीटॉकी हवीच. पहार आणि कुऱ्हाड विसरून वर गेलेला जवान लिफ्ट अडकली तर आतून काहीच करू शकत नाही. बी.ए. सेट पाठीवर, मास्क गळ्यात, आणि लावायला दोन सेकंदही लागू नयेत इतका तयार. सिलिंडरची हवा मात्र खाली लॉबीत उभं राहून वापरू नका. एक जण फक्त लिफ्ट चालवणार. त्याचं दुसरं काहीच काम नाही. त्याच्याकडेही बी.ए. सेट आणि वॉकीटॉकी असलीच पाहिजे.

निघण्याआधी खालच्या अधिकाऱ्याला कळवा: कुठली लिफ्ट, किती जण, कुठल्या मजल्यावर. लिफ्ट मध्ये बंद पडली तर तुम्हाला कुठे शोधायचं हे त्यातूनच समजतं.

वर जाताना

मी शिकवताना एक वाक्य पाठ करून घ्यायचो: आगीच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडायचं नाही. दोन मजले खाली उतरायचं. आग २० व्यावर असेल तर १८ वर. धूर खाली उतरल्याची खबर असेल तर आणखी खाली. एकच मजला खाली का नाही? कारण आकड्यात चूक होऊ शकते, ड्युप्लेक्स फ्लॅट असू शकतो, आणि होज जोडायला, मास्क लावायला धूर नसलेली जागा हवी असते.

सरळ १८ चं बटण दाबून शांत उभं राहायचं नाही. वाटेत दर पाचेक मजल्यांनी लिफ्ट थांबवून बघा. ती सांगाल तिथे थांबते का, मजल्याला बरोबर लागते का, दार तुमच्या हुकमाने उघडतं का. यात काही सेकंद जातात, पण लिफ्ट तुमचं ऐकतेय याची खात्री होत राहते. दर थांब्याला जिना कुठल्या बाजूला आहे तेही बघून घ्या. मजल्यांची रचना बहुतेक सारखीच असते. वर धुरात काही दिसेनासं झालं की हीच ओळख कामाला येते.

सगळ्यांनी दाराच्या समोरून बाजूला, भिंतीला लागून उभं राहायचं. १८ वा आला. आता घाई नाही. लिफ्ट चालवणारा बटण दाबतो, दार चार बोटं उघडतं. त्या फटीतून काय येतंय ते बघा. ट्यूबलाइटचा स्वच्छ उजेड दिसतोय की पिवळट, मळलेला? घशाला खवखवतंय? दाराच्या वरच्या कडेने धुराची पट्टी आत सरकतेय? हातमोज्यातूनही ऊन लागतंय? काहीही खटकलं तर बटणावरून बोट उचला. दार मिटेल. मग आणखी दोन-तीन मजले खाली जा. सगळं स्वच्छ असेल तरच दार पूर्ण उघडा आणि बाहेर पडा.

टीम उतरली तरी लिफ्ट चालवणारा आतच राहतो. लिफ्ट रिकामी सोडून कोणी आगीकडे धावायचं नाही. दुसरी तुकडी, जादा सिलिंडर, जखमी माणूस, सगळं त्याच लिफ्टने येणार-जाणार असतं. रहिवाशांना जिन्याने किंवा रिफ्यूज एरियात पाठवायचं. उंच इमारतींत आगीच्या वेळी थांबायला ही मोकळी जागा ठेवलेली असते. चालता न येणारी आजी, व्हीलचेअरवरचा मुलगा, गरोदर बाई यांना मात्र जवानाच्या सोबतीने याच लिफ्टने उतरवता येतं. लिफ्ट कोणासाठी थांबणार हे अधिकाऱ्याने ठरवायचं, लॉबीतल्या गर्दीने नव्हे.

पाणी शाफ्टपासून दूर

खालच्या मजल्याच्या हायड्रंटला (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाला) होज लावून जिन्याने वर जा. ब्रांच चालू झाली की पाणी उतार शोधतं, आणि बऱ्याच इमारतींत तो उतार लिफ्टच्या दाराकडेच असतो. आगीच्या मजल्यावर लिफ्टच्या उंबऱ्यापुढे ओली गोणी, गुंडाळलेली सतरंजी, ताडपत्री, जे हाताशी असेल ते आडवं टाका. एका जवानाची पाच मिनिटं त्यात गेली तरी चालतील. याच शाफ्टच्या जोरावर तुमची पुढची टीम येणार आहे.

लिफ्ट कधी सोडायची याची यादी लहान आहे. दिवा फडफडला, डबा हिसका देऊन थांबला, बटण दाबलं एक आणि लिफ्ट गेली दुसरीकडे, दार अर्धवट अडकलं, किंवा डब्यात थेंबभर पाणी गळलं, तर त्याच क्षणी जवळच्या स्वच्छ मजल्यावर उतरा, वॉकीटॉकीवर ‘लिफ्ट बंद’ म्हणून सांगा आणि जिना धरा. ‘अजून एक फेरी मारू’ हा मोह फार वाईट.

आत अडकलात तर

आधी वॉकीटॉकी. कुठल्या लिफ्टमध्ये, साधारण कुठल्या मजल्यांच्या मध्ये, किती जण, हवा किती बार. धूर नसेल तर मास्क लावू नका, हवा राखून ठेवा. सगळे बसून घ्या आणि बोलणं कमी करा. पहारीने आतलं दार फटीएवढं सारून समोर मजल्याचं दार आहे की भिंत ते बघा. लिफ्ट मजल्याला लागलेली नसताना उडी मारून बाहेर पडू नका. डब्याखाली मोकळा शाफ्ट असतो, पाय घसरला की थेट खड्ड्यात. बाहेरच्या टीमने मशीन रूममध्ये जाऊन आधी त्या लिफ्टचा मेन स्विच बंद करायचा आणि तिथे एक माणूस उभा करायचा. मग मजल्याचं दार लिफ्टच्या तिकोनी चावीने उघडायचं. मेन चालू ठेवून दार उघडलं आणि लिफ्ट अचानक हलली, तर सोडवायला गेलेलाच माणूस चिरडतो.

सोसायटीने आधीच करायच्या गोष्टी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून तपासून दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) द्यावा लागतो. तो भरताना फायरमन स्विच कोणी खरंच टाकून बघितला का, हे एजन्सीला विचारा. महिन्यातून एकदा स्वतः उभं राहून स्विच टाका. लिफ्ट सरळ खाली येते का, दार उघडून थांबते का ते बघा. मग मेन बंद करून ती जनरेटरवर जाते का ते बघा. लिफ्टचं कुठलंही काम झालं की त्याच दिवशी हीच चाचणी पुन्हा करा.

लॉबीतली चपलांची कपाटं, सायकली, कुंड्या हलवा. लिफ्टच्या आत शोभेचं लाकडी पॅनेलिंग करू नका. पावसाळ्याआधी लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचत नाही ना ते तपासून घ्या. तिकोनी चावी, मशीन रूमची चावी आणि मजल्यांचा नकाशा वॉचमनच्या केबिनमध्ये एकाच खिळ्यावर टांगा, आणि रात्रपाळीच्या वॉचमनलाही ते दाखवून ठेवा. तुमच्या इमारतीत चालता न येणारी माणसं कुठल्या फ्लॅटमध्ये राहतात त्याची यादीही तिथेच असू द्या. पहिला बंब आला की अधिकारी पहिल्या मिनिटात हेच विचारतो.

आग विझल्यावर

आग विझली तरी स्विच लगेच ‘नॉर्मल’ करू नका. लोक सामान बघायला वर जायच्या घाईत असतात, आणि लिफ्ट मोकळी दिसली की शिरतात. शेवटची टीम खाली आली, लिफ्ट तळमजल्यावर रिकामी उभी राहिली, की तिचा मेन बंद करायचा आणि दारावर दोरी बांधायची. लिफ्ट कंपनीच्या तंत्रज्ञाने शाफ्ट, खड्डा, दारांचे इंटरलॉक आणि मशीन रूम तपासून लेखी दिल्यावरच ती सोसायटीच्या ताब्यात द्यायची. सेक्रेटरींची सही घेताना फुटलेली काच त्यांना दाखवा, आणि ती उद्याच बसवून घ्या म्हणून सांगा.